चपळाई चार

९ जानेवारी

आत्या,

साष्टांग नमस्कार मनातल्या मनात. या खोलीत पूर्ण आडवं व्हायला जागा नाही, पाय पलंगाखाली जातात.

आई सांगत होती, झटक्यानंतर तुझा उजवा हात अजून उठत नाही म्हणून व्यायामवाली तुला रोज डाव्या हाताने एक पान लिहायला लावते, आणि तू तिला पानभर 'काच काच काच' लिहून देतेस. तिने दुसरं काहीतरी लिहा म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी 'चौकट चौकट चौकट'. आत्या, ती बिचारी नोकरी करतेय. छळू नकोस तिला.

तर मी तुला लिहायला काहीतरी देते. फोनवर नाही, पत्रातच. फोनवर तू बोलून मोकळी होशील आणि हात तसाच राहील.

इथे रविवारी आम्ही एक खेळ खेळतो. तिघं आहोत: मी, आमच्या पाणीपुरवठ्याच्या ऑफिससमोर दवाखाना असलेला दंतवैद्य, आणि माझी घरमालकीणबाई. पट नाही, सोंगट्या नाहीत. गोष्टच खेळायची. मी सूत्रधार. मी म्हणायचं, समोर गुहा आहे, आतून गार वारा येतोय, काय करता? मग प्रत्येकाने आपलं पात्र काय करतं ते सांगायचं. दंतवैद्य सात फुटी योद्धा आहे, त्याचं नाव पहाड. प्रत्यक्षात तो पेशंटला इंजेक्शन देताना स्वतःच ओठ चावतो. घरमालकीणबाई चोर आहे, आणि चांगली चोर आहे.

आम्हाला आणखी एक माणूस हवंय. तू पात्र बनव, ते काय करतं ते पत्रात कळव, मी रविवारी तसं खेळेन.

पात्र बनवायचं म्हणजे आकडे वाटायचे. सहा गुण असतात: ताकद, चपळाई, चिवटपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप. साठ आकडे मिळतात, ते सहांत वाटायचे. चारचौघांसारख्या माणसाचे सगळे दहा-दहा. पुढे काही अवघड करायची वेळ आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. तो गुणाइतका किंवा त्याच्या खाली पडला तर जमलं. ताकद पंधरा असेल तर बहुतेक वेळा तू दार तोडशील. पाच असेल तर बहुतेक वेळा दार तुला तोडेल.

हवी ती हो. चेटकीण हो, राणी हो. उडणारीसुद्धा चालते.

तुझी
भिंगरी


१८ जानेवारी

भिंगरी,

आशीर्वाद. अक्षर लागत नसेल तर कागद उलटा धरून बघ, व्यायामवाली तसंच करते.

'काच' लिहिते कारण तो शब्द माझा आहे. इतकी वर्षं कापली, आता लिहिते. लोकांचे फोटो, पदव्या, भरतकाम, सगळ्यांवर मी काच चढवली. माझ्यावर आता तुझ्या बाबाने चढवलीय. तुझ्याच जुन्या खोलीत ठेवलंय मला, तुझ्या शाळेतल्या पदकांखाली. रोज सकाळी तो दारात येतो आणि विचारतो, "ताई, काही हवंय?" मी म्हणते, घरी जायचंय. तो म्हणतो, "हो हो, बघू," आणि चहा आणून देतो. चहा मी मागितलेला नसतो.

तुझ्या आईने सुऱ्या वरच्या फळीवर ठेवल्यात, मला पोचू नयेत म्हणून. आता त्या तिलाही पोचत नाहीत, स्टुलावर चढते. पडेल एखाद्या दिवशी, मग दोघी मिळून व्यायामवालीकडे जाऊ.

तुझा खेळ दोनदा वाचला. प्रश्न आहेत.

बुद्धी आणि शहाणपण वेगळं कशाला मोजता? आमच्याकडे एकातच धरतात आणि दोन्ही नसतं.

छाप म्हणजे काय?

साठच्या साठ वाटायलाच हवेत का?

म्हातारी चालते का?

उडण्याचं म्हणशील तर मला उडायचं नाही. मला जिना चढायचाय.

आत्या


२५ जानेवारी

आत्या,

तुझं पत्र घरमालकीणबाईने माझ्या आधी वाचलं. चोरच आहे ती. म्हणाली, या बाईला घ्याच.

उत्तरं. काच कशी कापायची हे माहीत असणं म्हणजे बुद्धी. आज हात थरथरतोय, आज कापायची नाही, हे कळणं म्हणजे शहाणपण. छाप म्हणजे माणसांवर पडते ती. सोनेरी नक्षीची चौकट मागायला आलेलं गिऱ्हाईक तुझ्याशी दोन मिनिटं बोलून साधी काळी घेऊन जातं, ती तुझी छाप.

म्हातारी चालते. आकडे मात्र सगळे वाट. शिल्लक ठेवून उपयोग नाही, न वापरलेले वाया जातात.

आणि एक मनापासून सांगू? स्वतःला विसरून बनव. तुला जी व्हावीशी वाटते ती. दोन-तीन महिने तू एकाच खोलीत आहेस. रविवारी तरी बाहेर पड.

भिंगरी


६ फेब्रुवारी

भिंगरी,

उशीर झाला. आकडे काढायला वेळ लागला.

नाव डावरी. धंदा दिवेवालीचा. लोकांना अंधारात कुठे जायचं असेल तर ही कंदील घेऊन पुढे चालते. वय माझ्याएवढं. उजवा हात चालत नाही, उजवा पाय ओढते. हत्यार नाही. कंदील आहे, तो डाव्या हातात.

ताकद पाच.
चपळाई चार.
चिवटपणा चौदा.
बुद्धी अकरा.
शहाणपण बारा.
छाप सहा.

छापेबद्दल तू लिहिलंस ते पूर्वीचं. झटका आल्यापासून मी काय म्हणते ते एका माणसाने ऐकलेलं नाही, म्हणून सहा. तेही तुझ्या घरमालकीणबाईमुळे, नाहीतर पाच लिहिणार होते.

बेरीज बावन्न. आठ शिल्लक. वाया जातात म्हणालीस, तरी ठेवते. अख्खी काच कधी कापून संपवायची नसते. कडेची पट्टी उरते ती भिंतीला टेकवून ठेवायची. तिचं काय करायचं ते आज कळत नाही, म्हणून आजच तोडायची असं नाही.

बाकी ठीक. रोज फिरायला जाते. तुझी आई कोपऱ्यापर्यंत येते, तिथून मी तिला परत पाठवते. सूप फार पाजतात.

डावरीला नीट सांभाळ असं म्हणणार नाही. तिला नीट खेळव.

आत्या


१६ फेब्रुवारी

आत्या,

डावरी हिट झाली.

गोष्ट अशी आहे: डोंगरात एक खाण आहे. दरड कोसळून तळाशी काही माणसं अडकलीत, आत पाणी भरत चाललंय, आणि आपल्याला त्यांना बाहेर काढायचंय. पहाड आणि चोर खाणीच्या तोंडाशी पोचले तर तिथे एक बाई कंदील पुसत बसलेली. पहाड म्हणाला, "आजीबाई, बाजूला व्हा, आत धोका आहे." मी डावरीच्या तोंडी घातलं, "तुझं डोकं छताला आपटेल तेव्हा कळेल कुठे धोका आहे ते. मी पुढे, तू मागे." आणि खरंच आपटलं. दंतवैद्य इतका हसला की खुर्चीवरून घसरला.

पुढे एक खोल दरी लागली, वर नुसता एक दोर ताणलेला. मी डावरीसाठी फासा टाकला, अकरा पडला, आणि ती एका हातात कंदील आणि दुसऱ्या हाताने दोर धरून सरसर पलीकडे. घरमालकीणबाईने टाळ्या वाजवल्या. खरं सांगते आत्या, मला भरून आलं.

पुढच्या रविवारी आणखी खाली जायचंय. काय करू, कळव.

भिंगरी


२२ फेब्रुवारी

भिंगरी,

अकरा पडला आणि जमलं?

डावरीची चपळाई चार आहे. अकरा चाराच्या वर. ती पडायला हवी होती.

कंदील एका हातात, तर दोर कुठल्या हातात?

माझे शिल्लक आठ उचलून तू तिथे घातलेस. चार आणि आठ बारा. हात गेलाय, बेरीज गेलेली नाही. न विचारता माझा हात बरा केलास आणि वर मला सांगतेस की टाळ्या पडल्या.

तू दिवसभर नळाच्या पाण्याचे नमुने तपासतेस. पाणी गढूळ निघालं तर आकडा बदलतेस का, गावाला बरं वाटावं म्हणून?

दुसरं. काल माझं काच कापायचं टेबल तुमच्या गॅरेजमध्ये आलं. तुझा बाबा म्हणाला, "तात्पुरतं." ते टेबल उचलायला चार माणसं लागतात. चार माणसं लावून कुणी काही तात्पुरतं आणत नाही. खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, मार्चअखेर दुकान आणि वरच्या खोल्या सोडतो असं घरमालकाला सांगायचं ठरलंय. कुणी ठरवलं, विचारलं. खाली बघत म्हणाला, "भिंगरीशी बोललोय."

उत्तर दे. आधी आकड्यांचं.

आत्या


२ मार्च

आत्या,

आधी आकड्यांचं. हो, आठही चपळाईत घातले. तुझं पत्र वाचलं आणि मला वाटलं, तू खचून लिहिलंयस. विसात चार? कुणी स्वतःला चार देतं का? पहाडाच्या घोड्याला सहा आहे. मला वाटलं, निदान या एका ठिकाणी तुझा हात चालू दे. तुला कळणार नाही असंही वाटलं, हे खरं.

आता टेबलाचं. बाबांनी विचारलं आणि मी हो म्हणाले. तुला आधी सांगायचं धैर्य झालं नाही, पण हो मी म्हणाले, आणि का ते ऐक.

त्या दिवशी तू दुपारपासून दिवे लागेपर्यंत जमिनीवर पडून होतीस. अर्धी कापलेली काच टेबलाच्या काठावर होती, तुझ्या डोक्याच्या बरोबर वर. चौकट न्यायला येणारा माणूस 'उद्या जाऊ' म्हणाला असता तर? तो म्हणाला नाही, एवढ्यावर तू आहेस. खाली दुकान, वर दोन खोल्या, मधे तो अंधारा जिना, आणि तू एकटी. मी इथे इतकी लांब. नमुन्यांच्या बाटल्या मांडताना मधेच हात थांबतो माझा. तुला पुन्हा तशी पडलेली मी डोळ्यांसमोर आणू शकत नाही, आत्या. आणायला गेले तर काम होत नाही.

तू म्हणशील माझं घर आहे. आहेच. पण मला तू जिवंत हवीस. यात माझं काय चुकतं ते सांग.

आणि तुझे आकडे तुला परत दिले तर डावरी मरेल. घाबरवत नाही, हिशेबच तसा आहे. चार म्हणजे पाच वेळांत एकदा जमणार. आकडे माहीत नसतानाही दंतवैद्य म्हणाला, ती वर कंदील धरून बसू दे, आम्ही जाऊन येतो. मलाही ते पटतं.

भिंगरी


९ मार्च

भिंगरी,

काय चुकतं ते सांगते. मोठं पत्र आहे, दोन दिवस लिहितेय.

आकडे मी खचून लिहिले नव्हते. मोजून लिहिले होते.

फिरायला जाते म्हणून लिहिलं होतं ना? कोपऱ्यावरून तुझ्या आईला परत पाठवते आणि बसमध्ये बसते. दुकानाशेजारच्या इस्त्रीवालीकडे माझी दुसरी किल्ली असते. कुलूप ती उघडते, बाकी मी. दर फेरीला एकेक गुण मोजला.

बादली भरून उचलायला गेले, हलली नाही. अर्धी केली, नाही. तळाला पाणी ठेवलं, उचलली. ताकद पाच.

डाव्या हाताने काचेवर कटर फिरवला. रेघ एकदाच मारायची असते हे तू लहानपणी माझ्याकडे बघून शिकलीस. दुसऱ्यांदा मारली की काच मनाला येईल तशी फुटते. पट्टीवर वजन ठेवलं, कोपराने दाबली. बहुतेक रेघा वाकड्या. मधेच एखादी बरी. ती एखादी होती म्हणून चार, नाहीतर एक लिहिला असता. तू त्या चाराला रडणं समजलीस. तो चार मी कमावलेला होता गं.

जिना बसून चढले. पायरीवर बसायचं, डावा पाय रोवायचा, अंग मागे वर ओढायचं, मग पुढची. वर पोचले. माझ्या खिडकीत बसले. कपाटातला धुळीचा वास पोटभर घेतला. खाली यायला त्याहून जास्त वेळ लागला आणि शेवटच्या पायरीवर पडले. ढुंगणावर. इस्त्रीवाली आधी धावली, मग हसली, मग मीही. चिवटपणा चौदा, आणि हा मी कमी लिहिलाय.

तू मला पडलेली डोळ्यांसमोर आणू शकत नाहीस. मी आणते. रोज सकाळी उठल्यावर, तुझ्या पदकांखाली. पडले तर दारापर्यंत कशी सरकेन. कुठली कडी खाली घ्यायला हवी. काठी कुठे टेकवलेली असली म्हणजे इस्त्रीवालीच्या भिंतीवर ठोकता येईल. तुमच्या घरी पडले तर गालिच्यावर पडेन आणि कुणीतरी लगेच उचलेल. पण उठून करायचं काय, ते तिथे नाही. चहा आहे.

मी पुन्हा पडणारच नाही असं मी म्हणत नाही. तुझ्या भीतीला माझ्याकडे औषध नाही. मलाही भीती वाटते. पण दोर धरून पलीकडे गेली ती बाई मला ओळखीची नव्हती. तिच्यासाठी टाळ्या वाजल्या आणि मी या काठावरच उभी.

तर दोन कामं.

डावरीचे आकडे परत कर. शिल्लक आठ शिल्लकच राहू देत. वाया गेले तर माझे जातील.

आणि तुझ्या बाबाशी बोल. तुझं मत बदललं नसेल तर बदललं म्हणू नकोस, खोटं मला नको. एवढंच सांग की तिने मोजलंय, आकडे खरे आहेत, आणि ठरवणार ती आहे. माझं तो ऐकत नाही. सहा.

खेळाचं. डावरी वर बसून राहणार नाही. पुढे शिडी असेल तर आधी कंदील दोराने खाली सोडायचा, म्हणजे खालच्यांना उजेड मिळेल. मग ती, बसत बसत. पडेल तो फासा खरा. कुणाला दया करू देऊ नकोस, तुला तर अजिबात नाही.

आत्या


२४ मार्च

आत्या,

तुझं पत्र टेबलावर ठेवून मी दोन दिवस त्याच्याभोवती फिरत होते. मग बाबांना फोन केला.

म्हटलं, "मला भीती वाटते ती वाटतेच. पण आत्याने मोजलंय आणि तिचे आकडे खरे आहेत."

"कसले आकडे?"

मग बादली सांगितली, काच सांगितली, जिना सांगितला. जिन्यापाशी ते थांबले. "ताई एकटी जिना चढली? कधी?"

"तुम्ही कामावर असताना."

"आणि तुझी आई कुठे होती?"

"कोपऱ्यावर."

मागून आईचा आवाज आला, "मला माहीत होतं. बस दिसेनाशी होईपर्यंत उभी असायचे मी. तुला सांगितलं असतं तर तू बस बंद करायला गेला असतास."

बाबा म्हणाले, "या घरात मलाच काही माहीत नसतं," आणि फोन ठेवला. मी म्हटलं झालं, बिनसलं. थोड्या वेळाने त्यांचाच फोन. म्हणाले, "घरमालकाला अजून सांगितलेलं नाही, आता सांगत नाही. जिन्याची रुंदी मोजलीय का तिने? कठडा बसवायचा तर लागेल." मी म्हटलं, हे तुम्ही तिलाच विचारा, ती शेजारच्या खोलीत आहे. मग म्हणाले, "तिच्याशी बोलायला गेलो की मला तो दिवस आठवतो आणि मी चहा करायला जातो."

आत्या, हे तुला सांगू नको म्हणाले नव्हते, म्हणून सांगतेय.

आता खेळाचं. रविवारी आधी सगळ्यांना सांगून टाकलं की डावरीची चपळाई चार आहे, बारा मी केली होती. घरमालकीणबाई म्हणाली, "मग दरीवर?" म्हटलं, दरीवर मी लबाडी केली. ती म्हणाली, "चोर मी की तू?"

पुढे शिडी होती. लोखंडी, भिंतीला तिरकी ठोकलेली, रुंद पायऱ्यांची, खाली काळोख, काळोखात पाणी आणि माणसांचे आवाज. दंतवैद्याने पहाडातर्फे विनवणी केली, आजीबाई तुम्ही वर थांबा. मी तुझं वाक्य वाचून दाखवलं: डावरी वर बसून राहणार नाही. आधी कंदील सोडला. तो तळाला टेकला आणि खाली अडकलेले चेहरे दिसले. पाण्याच्या वर एक कोरडा कट्टा होता तोही दिसला, जो अंधारात त्यांना दिसत नव्हता. ते त्यावर चढले. पहाड आणि चोर उतरून गेले. मग डावरी, बसत बसत.

चिवटपणाला दोनदा टाकला, दोन्ही वेळा तरली. मग एक पायरी निखळली. आता पकडायचं होतं. चपळाई. चार किंवा खाली.

टेबलाच्या मधोमध टाकला, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. सतरा.

मग दंतवैद्य हळूच म्हणाला, "फासा कागदाला अडकला होता. पुन्हा टाक." घरमालकीणबाई छताकडे बघू लागली, म्हणजे टाकलास तरी मी पाहिलं नाही. मी फासा उचलला. हातात धरून बसले. तुला सांगते, टाकावासा वाटला. तुझे आठही आठवले, पण चार आणि आठ बारा, सतराला पुरत नव्हते. मग फासा डबीत ठेवला आणि म्हटलं, डावरी पडली.

डावरी मेली, आत्या. खालची सगळी माणसं वाचली. पहाडाने तिला उचलून बाहेर आणलं. दंतवैद्य चष्मा पुसत होता.

तुझ्या जायच्या तोंडावर हे कसं कळवू म्हणून पत्र अडवून ठेवणार होते. पण तू म्हणशील, आकडा बदलला नाहीस, पण आता लपवतेस.

माझं मत बदललेलं नाही. तू पडशील असंच मला वाटतं. पण तुझं तू ठरव. मी दोन्ही एकदम म्हणू शकते हे मला माहीत नव्हतं.

भिंगरी


७ एप्रिल

भिंगरी,

हे पत्र वरच्या खोलीतून लिहितेय. माझ्या.

डावरीचं वाचलं तेव्हा सामान बांधलेलं होतं, तुझा बाबा खाली गाडी लावत होता. पलंगावर बसले आणि रडले. तिच्यासाठी रडले, माझ्यासाठी नाही, तेवढं कळत होतं. पहाडाला सांग, बाहेर आणलंस ते चांगलं केलंस. तुला काय सांगू. तू तो फासा पुन्हा टाकला असतास आणि तीन पडला असं कळवलं असतंस, तर मला कळलं नसतं. आयुष्यभर कळलं नसतं. तरी टाकला नाहीस. आता तू मला 'बरी दिसतेस' म्हणालीस तर मी आरशात न बघता खरं मानेन.

टेबल परत आलं. पुन्हा चार माणसं. तुझ्या बाबाने जिन्याला कठडा बसवला, रविवारभर घाम गाळून. चढताना डाव्या हाताला, अगदी मला हवा तसा. मग म्हणाला, "ताई, उतरून दाखव." वर उभी राहून मी त्याच्याकडे बघितलं, त्याने कठड्याकडे बघितलं. उतरताना तो उजव्या हाताला येतो. माझा उजवा हात कठड्याला काय धरणार, शुभेच्छा देईल. बिचारा पायरीवर बसला. मी म्हटलं, अरे, उलटी उतरेन, शिडी उतरतात तशी. आणि उतरले. तो एकेक पायरी खाली माझ्यामागे हात पसरून, मांजर पकडायला निघाल्यासारखा. खाली पोचल्यावर म्हणाला, "पुढच्या रविवारी दुसऱ्या बाजूलाही बसवतो." मी हो म्हटलं. मदत हवीच आहे मला. फक्त मी सांगेन त्या बाजूला.

सगळं छान चाललंय असं लिहीत नाही. डबे उघडत नाहीत. केस बांधता येत नाहीत, इस्त्रीवाली येता-जाता बांधते आणि फार घट्ट बांधते. परवा न्हाणीत घसरले. नळाला धरून सावरले. पण घसरले. हे तुझ्या आईला सांगितलंय, तुला सांगतेय, बाबालाही सांगेन, दुसरा कठडा बसल्यावर.

दुकान अर्धा दिवस उघडते. मोठी काच घेत नाही. वहीच्या पानाएवढे फोटो घेते, आणि गिऱ्हाइकाला आधी सांगते की हात नवीन आहे, वेळ लागेल. एक माणूस परत गेला. दोघी थांबल्या.

तर आता नवीन पात्र घे. नाव अजून ठरलं नाही. धंदा काचा बसवणारी.

ताकद पाच.
चिवटपणा पंधरा. मागे कमी लिहिला होता.
बुद्धी अकरा.
शहाणपण बारा. यावर इस्त्रीवालीचं वेगळं मत आहे.
छाप आठ.
चपळाई पाच.

तो एक वरचा आकडा शिल्लकेतला नाही. काल दोन काचा लागोपाठ सरळ तुटल्या आणि आज सकाळी पुन्हा एक. सहा लिहिण्याचा मोह झाला, लिहिला नाही.

तिला रविवारी कुठल्यातरी खाणीच्या तोंडाशी उभी कर. डावरीचं तिला काही माहीत नाही, कुणी सांगू नका. आत जायचं की नाही ते ती बघेल.

आत्या